सत्तावीस लाखांचे वर्ष, तासांच्या हिशेबात: एका स्वतंत्र प्रॉडक्ट कोचचा वर्षअखेरचा आढावा आणि पुढचा बेत

या प्रकरणातली प्रॉडक्ट कोच, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये काय बांधायचे हे ठरवणाऱ्या प्रॉडक्ट मॅनेजरना (पुढे 'पीएम') निर्णयाची पद्धत सुधारायला मदत करणारी, पुण्यात राहते आणि एकटीच काम करते. बारा वर्षे सॉफ्टवेअर कंपन्यांत प्रॉडक्ट मॅनेजमेंट केल्यावर तिने स्वतःचा व्यवसाय सुरू केला, त्याला तीन वर्षे झाली. आढावा जानेवारी ते डिसेंबर २०२५ चा आहे आणि त्यावरून २०२६ चा बेत ठरवायचा आहे. हे नमुना प्रकरण आहे. या व्यवसायात वारंवार दिसणाऱ्या गोष्टी त्यात एकत्र आणल्या आहेत, आणि फी, तास, ग्राहक यांचे आकडे हिशेब डोळ्यांसमोर यावा म्हणून धरले आहेत. कर आणि कायद्याच्या तरतुदी मात्र प्रत्यक्षातल्या आहेत.

वरवर पाहिले तर वर्ष झकास गेले. जीएसटी वगळून २७ लाख २० हजारांची बिले झाली. वैयक्तिक कोचिंगचे १४ ग्राहक होते, आठ सत्रांच्या पॅकेजला ४० हजार, म्हणजे ५ लाख ६० हजार. 'अ' कंपनीकडून सहा महिन्यांचे ९ लाख, 'ब' कंपनीकडून चार महिन्यांचे ५ लाख, जर्मनीतल्या 'क' कंपनीकडून ४ लाख, आणि दोन दिवसांच्या तीन कार्यशाळांचे ३ लाख ६० हजार. सत्रांनंतर भरून घेतलेल्या फॉर्मवर सरासरी पाचपैकी ४.७ गुण. अनेक जणांचा आढावा इथेच संपतो आणि पुढच्या वर्षासाठी वीस टक्के वाढ धरली जाते. पण एकूण बिल आणि समाधानाचे गुण या दोन्हींवरून पुढच्या वर्षी कोणते काम घ्यावे आणि कोणते सोडावे हे कळत नाही. त्यासाठी दोनच कागद कामाचे: वर्षभराचे कॅलेंडर, आणि ग्राहकाकडे निर्णय घेण्याची पद्धत बदलली का याची नोंद.

कॅलेंडर काय सांगते

कॅलेंडर एक्सपोर्ट करून स्प्रेडशीटमध्ये घ्यायचे. चार रकाने पुरतात: तारीख, ग्राहक, कालावधी, प्रकार. प्रकार पाचच ठेवायचे: प्रत्यक्ष सत्र, तयारी आणि टिपणे, परिचय कॉल, ग्राहकासाठीचे बाकीचे काम (प्रवास, मेसेज, वेळा बदलणे, बिलाची वसुली), आणि कोणाच्याही नावावर न पडणारे काम. वर्षभराच्या नोंदी लावायला दोन दिवस जातात. व्हॉट्सॲप आणि स्लॅकवरची उत्तरे कॅलेंडरमध्ये नसतात, म्हणून फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमधला एकेक साधा आठवडा घेऊन मेसेजला किती वेळ गेला ते मोजायचे आणि त्याची सरासरी लावायची. हा भाग वगळला तर वैयक्तिक कोचिंग हमखास आहे त्यापेक्षा फायद्याचे दिसते.

वर्षाचे ४६ आठवडे आणि आठवड्याचे ४० तास धरले तर १,८४० तास होतात. त्यांतले १,०१० तास ग्राहकांसाठी गेले. ते असे:

वैयक्तिक कोचिंग: २४४ तास, ताशी सुमारे २,२९५ रुपये.
'अ' कंपनी: २६४ तास, ताशी ३,४०९.
'ब' कंपनी: २२० तास, ताशी २,२७३.
'क' कंपनी: १२० तास, ताशी ३,३३३.
कार्यशाळा: १६२ तास, ताशी २,२२२.

ग्राहकासमोर प्रत्यक्ष बसलेले तास मात्र ४२९ च, म्हणजे एकूण वेळेचा चौथा हिस्साही नाही. उरलेल्या ८३० तासांत लेखन आणि भाषणे ३००, हातून गेलेले प्रस्ताव १९०, स्वतःचे शिक्षण १३०, हिशेब आणि कर ९०, आणि कशाचीच नोंद नसलेले १२०. वर्षाचा खर्च ४ लाख २० हजार वजा करून सगळ्या तासांनी भागले की ताशी १,२५० रुपये हाती येतात. किंमत ठरवायला सत्राचा ५,००० चा दर घेण्याऐवजी हा आकडा घ्यावा.

वैयक्तिक कोचिंगमध्ये पैसा कुठे झिरपतो ते बघण्यासारखे आहे. विकलेल्या ११२ सत्रांपैकी ९७ झाली. त्यांच्या टिपणांना प्रत्येकी अर्धा तास, म्हणजे ४९ तास. पाऊण-पाऊण तासाचे ४१ मोफत परिचय कॉल, ३१ तास. वेळा बदलणे, रिझ्युमे बघून देणे आणि 'दोन मिनिटांचा प्रश्न' यांत ६७ तास. न झालेली १५ सत्रे जवळजवळ सगळी पाच जणांची होती. ते पाचही नोकरी बदलायला आले होते आणि ऑफर हातात पडताच थांबले. त्यांच्यासोबत झालेले काम कोचिंग, म्हणजे प्रश्न विचारून माणसाला स्वतःचे उत्तर शोधू देणे, नव्हतेच. ती मुलाखतीची तयारी होती, फार तर मेंटरिंग. हा फरक नोंदीतही पाळावा लागतो. आंतरराष्ट्रीय कोचिंग महासंघाच्या प्रमाणपत्राच्या एसीसी या पायरीला १०० तास आणि तिच्या वरच्या पीसीसीला ५०० तास कोचिंगचा अनुभव दाखवावा लागतो, आणि त्यात शिकवणे किंवा सल्ला देणे धरत नाहीत. सगळी सत्रे एकाच नावाखाली लिहिली तर पुढे अर्ज करताना वर्षभराच्या टिपणांतून एकेक सत्र निवडत बसावे लागते.

वैयक्तिक ग्राहक कुठून आले हे परिचय कॉलच्या यादीवरून लगेच समजते. जुन्या ग्राहकांच्या ओळखीतून १२ कॉल आले, त्यांतून ९ ग्राहक झाले. लिंक्डइनवरच्या लेखनातून २४ कॉल आणि ४ ग्राहक. कार्यशाळेतून ५ कॉल आणि १ ग्राहक. हे पाहिल्यावर लेखन बंद करावेसे वाटणे साहजिक आहे, पण इथे घाई नको. 'क' कंपनीचा प्रॉडक्ट प्रमुख वर्षभर लेख वाचत होता. त्याने ईमेल केला तो एका ओळखीच्या माणसाचे नाव सांगून, म्हणून त्या कंपनीची नोंद 'ओळख' अशी पडली. 'कोणी पाठवले?' याच्या जोडीला 'पहिल्यांदा कुठे ऐकले?' असा प्रश्न ठेवला की लेखनाची खरी कमाई दिसते. लेखन ठेवावे, पण ३०० तासांचे १६० करावे.

'ब' कंपनीत काय बिघडले

या वर्षातून सर्वांत जास्त शिकण्यासारखे इथे आहे. गोदामांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी, चार प्रॉडक्ट मॅनेजर, तीसेक डेव्हलपर. मागणी अशी: 'आमचे पीएम फीचर्सच्या यादीत अडकलेत, त्यांना ग्राहकाच्या गरजेपासून विचार करायला शिकवा.' मागणी रास्त होती. आठवड्याला पाच तास, सोळा आठवडे असे ठरले.

पहिल्याच आठवड्यात रोडमॅपची, म्हणजे पुढे काय आणि कधी बांधायचे याच्या वेळापत्रकाची, एक्सेल फाइल समोर आली. ३७ ओळी. रकाने: फीचर, ग्राहकाचे नाव, कबूल केलेली तारीख, लागणारे डेव्हलपर-दिवस, सद्यस्थिती. ३७ पैकी २९ ओळींत कोणत्या तरी मोठ्या ग्राहकाचे नाव आणि तारीख भरलेली होती. या तारखा सेल्सने सौदा पक्का करताना दिलेल्या होत्या. हे फीचर कोणती अडचण सोडवते आणि ती सुटली हे कशावरून ओळखायचे, याला फाइलमध्ये रकानाच नव्हता. असा रोडमॅप म्हणजे सेल्सने दिलेल्या शब्दांची यादी असते. ती पीएमने केलेली नसते, त्यामुळे पीएमला कितीही शिकवले तरी ती बदलत नाही.

कोचिंग मात्र पीएमपासूनच सुरू झाले. चार आठवडे ग्राहकाशी कसे बोलावे याचा सराव झाला: 'तुम्हाला हे फीचर आवडेल का?' असे विचारायचे नाही, 'मागच्या वेळी माल मोजताना फरक आला तेव्हा तुम्ही काय केले?' असे विचारायचे. सराव छान झाला. पण प्रत्यक्ष ग्राहकाशी बोलायची वेळ आली तेव्हा सेल्सने नंबर दिले नाहीत, कारण कराराच्या नूतनीकरणाच्या तोंडावर ग्राहकाला डिवचायचे नव्हते. सहाव्या आठवड्यात ज्या अधिकाऱ्याने कोचिंग मागवले होते त्याची दुसऱ्या विभागात बदली झाली. आठव्या आठवड्यात नव्या प्रमुखाने विचारले की यामुळे स्प्रिंटमागे (डेव्हलपरांच्या ठरावीक आठवड्यांच्या कामाच्या फेरीमागे) स्टोरी पॉइंट, म्हणजे कामाच्या आकाराचे गुण, किती वाढतील. या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर एकच होते: वाढणार नाहीत, कदाचित कमी होतील. उरलेले आठ आठवडे बॅकलॉग, म्हणजे बाकी कामांची यादी, नीट लावण्यात गेले.

तरीही 'ब' च्या फॉर्मवर ४.६ गुण पडले. चारही पीएमना त्यांचे म्हणणे ऐकून घेणारे कोणीतरी मिळाले होते, आणि त्यांनी मनापासून चांगले गुण दिले. बदल मात्र झाला नव्हता, आणि ते दाखवणारी मोजणी वेगळी आहे. कामाच्या सुरुवातीला आणि शेवटी शेवटचे दहा रिलीज (ग्राहकांपर्यंत पोहोचवलेले बदल) घ्यायचे आणि प्रत्येकाला तीन प्रश्न लावायचे: बांधण्याआधी ग्राहकाशी बोलल्याची किंवा वापराच्या आकडेवारीची नोंद आहे का? रिलीजनंतर तीस दिवसांत परिणाम तपासला का? आणि या काळात एखादे काम पुरावा बघून बांधण्याआधीच सोडून दिले का? 'अ' कंपनीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर दहापैकी २ वरून ६ वर गेले, दुसऱ्याचे १ वरून ७ वर, आणि दोन कामे वेळीच थांबली. 'ब' मध्ये पहिले ३ वर होते आणि ३ वरच राहिले. 'अ' मधल्या सुधारणेचे सगळे श्रेय कोचिंगला देता येणार नाही. त्याच काळात तिथे डेटा ॲनालिस्ट रुजू झाला होता. आढाव्यात हेही लिहून ठेवायला हवे, नाहीतर पुढच्या प्रस्तावात खोटा दावा शिरतो.

'ब' ची लक्षणे करारापूर्वीच दिसत होती. प्रस्ताव तीनदा बदलून मागितला गेला आणि दर वेळी 'कोचिंग' च्या जागी 'ट्रेनिंग' हा शब्द वाढत गेला. सेल्स प्रमुखाची भेट 'नंतर ठरवू' वर राहिली. २०२६ साठी यातून तीन अटी निघतात, आणि त्या सहीच्या आधी मागायच्या: मागच्या दहा रिलीजची यादी, रोडमॅपच्या तारखा ज्याच्या हातात आहेत त्याची एक भेट, आणि एका खऱ्या ग्राहकाशी बोलण्याची परवानगी. दोन आठवड्यांत तिन्ही मिळाले नाही तर लांब पल्ल्याचे काम घ्यायचे नाही, फक्त कार्यशाळा द्यायची. करारात दोन कलमे जास्तीची: तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक टीमला आठवड्याला किमान दोन ग्राहक भेटी, आणि काम मागवणारा अधिकारी बदलला तर पंधरा दिवसांत उद्दिष्टांवर पुन्हा बैठक. ती झाली नाही तर दोन्ही बाजूंना काम थांबवण्याची मुभा. सत्रात पीएम जे बोलतात त्यातले व्यवस्थापनाला काय सांगितले जाईल आणि काय नाही, तेही सुरुवातीलाच कोच, पीएम आणि व्यवस्थापन अशा तिघांच्या बैठकीत ठरवावे. एआयने आपोआप टिपणे घेणारे टूल मीटिंगमध्ये शिरते तेव्हा हा मुद्दा फारच नाजूक होतो. ते बंद ठेवायचे, किंवा समोरच्याची लेखी संमती घ्यायची.

बिल लावले, पैसे कधी?

'ब' चे १ जुलैचे बिल १,२५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २२,५००. पर्चेस ऑर्डरमध्ये ६० दिवसांची मुदत होती, पैसे आले ९७ व्या दिवशी, ६ ऑक्टोबरला. कंपनीने १० टक्के टीडीएस कापला. तो जीएसटी सोडून मूळ रकमेवर, म्हणजे १२,५००. खात्यात १,३५,००० जमा झाले. दरम्यान तिमाही विवरणपत्र भरणाऱ्यालाही जुलैचा जीएसटी २५ ऑगस्टपर्यंत भरावा लागतो, ग्राहकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. ते २२,५०० सहा आठवडे खिशातून गेले. म्हणून जीएसटीसाठी वेगळे खाते हवे आणि त्यात दोन महिन्यांच्या कराइतकी रक्कम कायम हवी.

सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपुढे जाऊ शकत नाही, आणि करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडची लहान उद्योगाची नोंदणी, लागते. ती मोफत आहे आणि काम सुरू होण्याआधी केलेली असावी, क्रमांक बिलावर छापावा. आयकराचे कलम ४३बी(एच), म्हणजे लहान उद्योगाचे पैसे मुदतीत न देणाऱ्या कंपनीची खर्चाची वजावट अडवणारी तरतूद, अनेक जण प्रत्येक बिलाला धाक म्हणून दाखवतात, पण त्याचा खरा चिमटा कंपनीला ३१ मार्चनंतरही थकलेल्या बिलाचाच बसतो. मुदत उलटूनही त्याच आर्थिक वर्षात पैसे दिले तर खर्चाची वजावट त्या वर्षी मिळतेच. म्हणजे जानेवारी ते मार्चच्या बिलांची आठवण करून देताना त्याचा उपयोग आहे, जुलैच्या बिलाला नाही. इथले क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ ही नवा आयकर कायदा लागू होण्याची तारीख, आणि त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. करारात जुने क्रमांक लिहिलेले असतील तर मसुदा सीएकडून तपासून घ्यावा.

जमा रकमेच्या किमान ५० टक्के उत्पन्न धरून कर भरण्याची कलम ४४एडीए ची सोय प्रॉडक्ट कोचला सरसकट मिळते असे समजू नये. ती ठरावीक व्यवसायांना आहे. 'तांत्रिक सल्ला' मध्ये हे काम बसते का, यावर सीएचे मत लेखी घ्यावे. ती सोय नसेल तर आगाऊ कराचा ७५ टक्के हिस्सा १५ डिसेंबरपर्यंत भरायचा असतो, म्हणजे आढाव्याच्या तोंडावरच मोठी रक्कम जाते.

'क' चे ४ लाख निर्यातीत मोडतात. जीएसटी खात्याकडे हमीपत्र भरलेले असेल तर त्यावर जीएसटी आकारावा लागत नाही. हे हमीपत्र, फॉर्म आरएफडी-११, दर आर्थिक वर्षी नव्याने भरावे लागते आणि एप्रिलच्या गडबडीत ते हमखास राहते. परदेशातून आलेले पैसे कशाचे हे सांगायला बँकेला पी१००६ हा व्यवस्थापन सल्ल्याचा पर्पज कोड द्यायचा. वेळेची एक बारीक गोष्ट: जर्मनी आपल्यामागे हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास असते. दर आठवड्याचे आमंत्रण भारतीय वेळेत बनवले तर २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर २०२६ नंतर समोरच्याची बैठक तासाने सरकते. ते बर्लिनच्या वेळेत बनवावे.

२०२६ चा बेत

बेत रुपयांपासून सुरू करू नये. आधी तास ठरवावेत. आमच्या मते एका दिवसात चारपेक्षा जास्त सत्रे घेतली की शेवटच्या माणसावर अन्याय होतो. मागच्या सत्रातले धागे मनात रेंगाळतात आणि प्रश्न साच्यातले होतात. म्हणून ग्राहकांसाठीचे तास हजाराच्या आसपासच ठेवायचे आणि त्यांतले काम बदलायचे.

कंपन्या चार, प्रत्येकी चार महिने, महिना दीड लाख, एका वेळी दोनच. सोळा आठवडे, आठवड्याला सहा तास सत्रे, तीन तास तयारी, दोन तास इतर, म्हणजे १७६ तास आणि ताशी ३,४०९. चार मिळून ७०४ तास, २४ लाख. वैयक्तिक ग्राहक १०, सहा सत्रांना ६० हजार, तीन महिन्यांत संपवायची. परिचय कॉल अर्ध्या तासाचे, आणि त्याआधी पाच प्रश्नांचा फॉर्म. त्यातला पहिला प्रश्न: येत्या तीन महिन्यांत कामावर कोणता निर्णय तुम्हाला घ्यायचा आहे? ज्यांचे उत्तर फक्त 'नवी नोकरी' आहे त्यांना मुलाखतीच्या तयारीची दोन सुटी सत्रे द्यायची, पॅकेज नाही. यात १२० तास आणि ६ लाख, ताशी ५,०००.

तिसरी गोष्ट आठ जणांची आठ आठवड्यांची तुकडी, माणशी २५ हजार, वर्षात दोनदा. हिशेब न करता जिच्याकडून सर्वांत जास्त अपेक्षा ठेवली जाते ती हीच. सत्रे ३२ तास, साहित्य पहिल्या वेळी ६० आणि दुसऱ्या वेळी २०, गृहपाठ वाचून उत्तर द्यायला माणशी आठवड्याला वीस मिनिटे धरली तरी दोन तुकड्यांचे ४३ तास, आणि जागा भरायला ४०. एकूण १९५ तासांत ४ लाख, ताशी २,०५१. पहिल्या वर्षी ही सगळ्यात कमी दराची कामगिरी ठरते. गृहपाठ वाचणे काढून टाकले तर आकडा सुधारतो, पण मग ती ध्वनिमुद्रित व्याख्यानमाला होते. तुकडी ठेवण्याचे कारण वेगळे आहे. कंपनीच्या पैशांशिवाय येणाऱ्या नव्या पीएमना ६० हजार परवडत नाहीत, आणि त्यांतलेच काही जण पुढे कंपनीत कोचिंग मागवण्याच्या जागी पोहोचतात. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत सॉफ्टवेअरची जबाबदारी नव्याने अंगावर आलेल्या अभियंत्यांसाठी एक तुकडी मराठीतून घ्यावी. त्यांना कानबान (काम डोळ्यांसमोर मांडून त्याचा ओघ सांभाळण्याची पद्धत) आणि मूळ कारणाचा शोध आपल्यापेक्षा चांगला माहीत असतो. ग्राहकाच्या गरजेचा शोध तेवढा जोडायचा असतो.

चारही कंपन्या आल्या तर ३४ लाख, तीन आल्या तर २८, दोनच आल्या तर २२. घरखर्चाचे १२ लाख, व्यवसायाचे ४ लाख २० हजार आणि कर हे २२ मध्ये बसायला हवे. ते बसते, पण मोठा नवा खर्च जपूनच घ्यावा लागतो. एकूण बिलात सर्वांत मोठ्या कंपनीचा वाटा २०२५ मध्ये ३३ टक्के होता. तो चार कंपन्यांत १८ टक्क्यांवर येतो आणि दोनच आल्या तर २७ वर जातो.

प्रस्तावांचा महिना ग्राहकावर ठरतो. इथल्या कंपन्यांची बजेटे फेब्रुवारी-मार्चमध्ये पक्की होतात, म्हणून त्यांना जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात भेटायचे. जर्मन कंपन्यांचे वर्ष सहसा जानेवारीचे असते आणि शरद ऋतूतच आकडे ठरतात. त्यांना डिसेंबरमध्ये लिहिणे उशिराचे, सप्टेंबरच्या सुरुवातीला लिहावे. पुण्यातली सत्रे गणेशोत्सवाच्या दिवसांत, म्हणजे १४ ते २५ सप्टेंबर, आणि ८ नोव्हेंबरच्या लक्ष्मीपूजनाच्या आठवड्यात लावूच नयेत, नाहीतर अर्धी पुढे ढकलली जातात आणि प्रत्येकीमागे चार मेसेज वाढतात.

३० जूनला अर्ध्या वर्षाची तपासणी, त्याच पाच प्रकारांत तास लावून. तोवर दोन कंपन्यांचे करार झालेले नसतील तर दुसरी तुकडी रद्द करून तिचे तास जुन्या ग्राहकांच्या भेटींना द्यायचे. दोन्ही चालू असतील आणि आठवड्याचे इतर काम दोन तासांऐवजी चारवर गेलेले दिसले, तर तिसऱ्या कंपनीला ऑक्टोबरची तारीख द्यायची, ऑगस्टची नाही.